चौथी ओळ

सांगली,
४ ऑगस्ट २०२५

ती. पद्माताईस,
अवधूतचा सा. न. वि. वि.

ताई, अल्बम झाला. नऊ वर्षं लागली. तू चिडवायचीस, एवढ्यात मामीचा ऊस नऊदा कारखान्याला गेला. कुपवाडला माझा मित्र गुंडा याची लेथची शेड सुटीच्या दिवशी बंद असते, तिथंच सगळं रेकॉर्डिंग केलं. माझी गिटार, गुंडाचा बास आणि एक दिमडी. पत्र्याखाली आवाज घुमतो, तो तसाच ठेवला. नाव ‘उसाआडचं घर’. शुक्रवारी इंटरनेटवर चढवला.

शेवटचं गाणं म्हणजे कडेगावच्या आपल्या शालूमामीची ओवी. ती तिच्याच घरी, जात्यावर बसवून रेकॉर्ड केली. तीन ओळी म्हणाली, ‘बूट वाजल दारात’ इथपर्यंत, आणि थांबली. चार वेळा म्हणायला लावली, चारही वेळा तिथंच थांबली. वयामुळे विसरली असेल, म्हणून चौथी ओळ मी लिहून गायलो. खरं सांगू, नऊ वर्षांत याहून चांगली ओळ मला सुचलेली नाही.

ऐकून सविस्तर लिही. फोनवर तू नुसतं छान म्हणतेस.

तुझा राग आणि लोभ दोन्ही हवेत,
अवधूत


कडेगाव,
९ ऑगस्ट २०२५

चि. अवधूतास शालूमामीचा आशीर्वाद.

(काका, आजी सांगतेय तसंच लिहितेय. शिवांजली)

शिवांजलीनं तुझं गाणं फोनवर लावलं. पयलं बरं वाटलं. म्हंटलं, भाच्यानं म्हातारीला गाजवली. मग तू फुडं गायला लागलास, तवा मी फोन पालथा घातला.

आरं, मी इसरले न्हाई. आमच्या घरातला गडी फौजेत असला की ववीची शेवटची ओळ म्हनत न्हाईत. त्यो रजेवर घरला आला की त्याच्या म्होरं बसून म्हनायची. सासूनं मला शिकवलंय. चार येळा गायला लावलीस, एकदा इचारायचं तरी हुतंस. माझा नातू धैर्यशील सीमेवर हाय. अकरा दिस झालं, त्याचा फोन न्हाई. आन् त्यो यायच्या आदीच तू ववी पुरी केलीस. कुठली ओळ घातलीस ते मला सांगू नगंस. पुरी केलीस ती केलीस.

ते गाणं काढ. तंवर हिकडं आलास तर भाकरी मिळंल, बोलनं न्हाई मिळायचं.

तुझी मामी


सातारा,
१४ ऑगस्ट २०२५

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. एका ओळीनं सीमेवर काय होणार आहे, तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, मामीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांग, असं लिहितोस. नेमकं मलाच सांगतोस, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. घरी ह्यांनाही ते माहीत नाही.

एकाहत्तरची दिवाळीची सुटी. मी आठ वर्षांची होते, तुझा जन्म व्हायचा होता. जोतिबामामा उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा मामीनं म्हटलेली चौथी ओळ माझ्या कानात होती. एका सकाळी मी मामीसमोर जात्याचा खुंटा धरून बसले होते. तिसऱ्या ओळीवर थांबून ती चुलीवरचं दूध बघायला उठली. आमच्या शाळेत कविता अर्धी सोडली की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. मी मोठ्या ऐटीत, खणखणीत आवाजात ओवी पुरी केली. दीड महिन्यानं मामा लढाईत गेल्याची तार आली. मामी वीस वर्षांची होती, मूल अजून रांगतही नव्हतं.

तार माझ्या ओळीमुळे आली नाही हे मला कळतं. गेली चौपन्न वर्षं मी स्वतःला तेच सांगते आहे. पण ते रोज सांगावं लागतं, अवधूत. तुझ्यावर ती पाळी येऊ नये. तुझी ओळ खरंच सुंदर आहे. ती काढ.

धैर्यशीलचा अजून फोन नाही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस,
ताई


सांगली,
२२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग ते घेऊन शेडमध्ये गेलो. गुंडा म्हणाला, गड्या, दात काढायचाच आहे तर वाट कशाला बघायची. ओळ काढली. आता ‘बूट वाजल दारात’ म्हणून मामी थांबते, गिटारही तिथंच थांबते आणि जात्याची घरघर तेवढी राहते. पण ज्यांनी आधीचं गाणं उतरवून घेतलं, त्यांच्याकडून ते परत कसं आणू? रोज तेच मनात येतं.

लोक कळवतात की फाइल खराब आहे, गाणं मधेच तुटतं. एकानं तर गिटार दुरुस्त करून घ्यायचा सल्ला दिला. कोरेगावच्या एका बाईंनी मात्र लिहिलं, मुलगा नौदलात आहे, घरातून निघताना रोज हे गाणं लावते, पुढं काही जोडू नका.

मामीकडून काही कळलं का? मला विचारायचं धाडस होत नाही. फोन वाजला की आधी नंबर कडेगावचा आहे का ते बघतो.

तुझा,
अवधूत


मुक्काम कडेगाव,
९ सप्टेंबर २०२५

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

धैर्यशील आला. आठ दिवसांची रजा होती. गौरी बसवत होतो, तेवढ्यात तो दारात उभा राहिला. वाळलाय. उंच ठाण्यावर होता, तिथं फोन लागत नाही, एवढंच बोलला, आणि ताटलीभर शेंगदाण्याची चटणी संपवली. शिवांजली म्हणाली, दादा, सरकार जेवायला देत नाही काय रे.

तो यायच्या आदल्या दिवशी मी मामीला एकाहत्तरचं सगळं सांगितलं. ती वाती वळत होती, हात थांबला नाही. म्हणाली, मला ठाऊक हाय, मी चुलीम्होरनं ऐकलं हुतं. मग कधी बोलली का नाहीस, म्हटलं. म्हणाली, बोलले असते तर तू परत आली असतीस व्हय? म्हनून तर दर सुटीला सांगावा धाडून बोलवत हुते.

मी तिच्यापुढचा कापूस ओढून घेतला आणि वाती वळायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं धैर्यशीलला जात्यासमोर बसवलं आणि ओवी म्हटली, चारही ओळी. आवाज फाटला, तरी म्हटली. तुझी ओळ बरी आहे, पण ती अशी नाही. मला ती पाठ आहे, तरी इथं लिहीत नाही. मामीनं तुला भाकरीला बोलावलंय, ह्या वेळी बोलणंही मिळेल.

धैर्यशील काल सकाळच्या गाडीनं परत गेला. आज मामी दळायला बसली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. समोर खुंटा धरून मीही थांबले.

आहे तेवढी माया जपून ठेव,
तुझी ताई