सायलीच्या पुलाची गाठ

शनि., २९ नोव्हेंबर
निवृत्तीनंतर खडवलीच्या शाळेत शिकवायला येतेय, आज तिसरा शनिवार. आज कागदाचा पूल. सामान: रद्दी, मैद्याची खळ, सुतळी. दोन बाकांमधलं अंतर ओलांडायचं आणि वर विटा पेलायच्या. आठवीची पोरं, खळ कागदाला कमी, केसांना जास्त. कोलशेतच्या कारखान्यात जन्मभर ड्रॉइंगं तपासली, पण एवढी कधी हसले नसेन.
सायली म्हणून एक मुलगी कोणाशी न बोलता नळ्या वळत होती. तिने आपले आपण त्रिकोण केले. त्रिकोणाने पूल भक्कम होतो, हे मी सांगितले नव्हते! विज्ञानाच्या गायकरबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, तिला वाटतं तिला डोकंच नाही, दहावीनंतर शिकणार नाही म्हणते.
बघू या.

शनि., ६ डिसेंबर
आज पालकांसमोर चाचणी. मधल्या सुट्टीत वर्गात मी एकटी. सायलीच्या पुलाचा मधला जोड सैल दिसला. हात शिवशिवले. दोन नळ्या आत सारल्या, सुतळीचे चार वेढे, वर पक्की गाठ. पाच मिनिटांचं काम.
अकरा विटा पेलल्या. पहिला नंबर, टाळ्या. सायलीने वाकून पुलाखाली बघितलं, मग माझ्याकडे.
"मॅडम, ही गाठ माझी नाय."
थोडा आधार दिला गं फक्त, असं काहीतरी पुटपुटले. ती पूल तिथेच टाकून गेली.

रवि., ७
डोंबिवलीत घरी सुधीरला सांगितलं. नवरा असून दयामाया नाही. म्हणे, आपल्या रोहनचे शाळेचे सगळे प्रकल्प तूच सुधारलेस, शेवटी तो कॉमर्सला गेला. हसले, पण लागलं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

बुध., १०
गायकरबाईंचा फोन. सायली त्यांना म्हणाली, मला येत नाही हे मॅडमना पण कळलं, म्हणून त्यांनी केलं.
लाज वाटली. दिवसभर कशात लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा.

शनि., १३
वर्गात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. पूल सायलीचा, गाठ माझी. जोड तुटला असता तर का तुटला ते तिचं तिने शोधलं असतं, मी ती संधी खाल्ली. माझं चुकलं.
मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, मग पहिला नंबर तुमालाच द्या ना मॅडम. वर्ग खो खो हसला, मीही. सायली नाही हसली. खळीचा डबा उचलून उभी राहिली.
"मी दुसरा करते. पण तुम्ही भायेर बसायचं."
बसलेय. व्हरांड्यात, दीड तास झाला. दाराला आतून कडी. बाई दोनदा चहा देऊन गेल्या, हसू दाबत. आता विटा चालू झाल्यात, पोरं मोठ्याने मोजतायत. चार. पाच. पाचव्याला कागद कुरकुरला, मला इथवर ऐकू आलं. जोड मधलाच असणार, आता थांबायला हवं, एक टेकू दिला की. खिडकी हातभर लांब आहे. उठायचं नाही. हात गुंतावेत म्हणून हे लिहितेय, अक्षर बघवत नाही.
आत कोणीतरी म्हणालं, बस झालं, मोडेल.
"मोडू दे," सायली म्हणाली. "कुठं मोडतो ते बघायचंय मला. ठेव सहावी."