जोडव्यांवर बूट

रहिमतपूर,
मंगळवार

ती. वन्संना अंबूबाईचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलंय, ऐकायचं मात्र माझं.)

तुमचा गुडघा कसा आहे, सूनबाईंनी चहातली साखर परत कमी केली का, सगळं कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही रागावता, म्हणून लिहितेय.

माझ्या पायाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगलीपर्यंत पोचलीच असेल. नात शिवांजलीनं बूट आणून दिल्यापासून मी रोज पहाटे धावते (नऊवारीवरच, काष्टा घातल्यावर पाय मोकळेच असतात). रविवारी औंधला यमाईच्या डोंगराची शर्यत आहे, त्यात साठीवरच्या बायकांत मी नाव दिलंय. पण थोडं धावलं की पायाची बोटं वारुळात घातल्यासारखी व्हायची, मग पार बधिर. बूट काढला की पुन्हा जाग्यावर. गल्लीत जो तो वैद्य झाला. कुणी म्हणालं साखर, कुणी कमरेची शीर. समोरची सोनम म्हणाली, "आवं काकी, ह्या वयात देवळात बसायचं सोडून पळताय कशाला?" म्हटलं, "देवळात बसल्यावर बी मुंग्या येत्यात गं, तवा कुणी देऊळ सोड म्हणत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर नाही. मग मोजे काढायला लावले आणि हसायलाच लागल्या. लग्नातली जाड जोडवी, त्यावर मोजा, त्यावर घट्ट बूट. बोटांनी जायचं कुठं? म्हणाल्या, धावायचं तर जोडवी उतरवा, बूट पुढून रुंद घ्या, तरी मुंग्या राहिल्या तर परत या.

घरी हे सांगितलं तर तुमचे भाऊ ताटावरून उठले. "मी अजून जिता हाय!" पलटणीत आयुष्य गेलं, गोळ्यांना भ्याला नाही हा माणूस, तो चांदीच्या कड्यांना भ्याला. मी म्हटलं, "तुमी जितं हाय का, हे माझ्या पायाच्या बोटाला इचारून ठरवायचं व्हय?" तेव्हापासून अबोला. रोज माझ्यामागं स्कूटरवरून पाणी घेऊन यायचे, तेही बंद. जोडवी सासूबाईंनी घातलेली, म्हणून आधी तुम्हाला विचारावं असं त्यांचं म्हणणं (शिवांजलीमार्फत, माझ्याशी बोलत नाहीत ना). तर वन्सं, मी विचारत नाही, कळवतेय. ह्या घरासाठी वैरणीला, पाण्याला, दळणाला ह्याच पायांनी पळाले, तेव्हा कुणाला त्यांची काळजी पडली नाही. आता स्वतःसाठी पळतेय, तर पळणारच.

लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
अंबूबाई

ता.क. बोटं जाड झाल्यानं जोडवी निघेनात. ज्ञानू सोनाराकडून कालच कापून घेतली. मुंग्या गेल्या. तेव्हा तुम्ही नको म्हणालात तरी आता उपयोग नाही.

ता.क. दुसरा. हे पत्र टपालात टाकायला तुमच्या भावांकडंच देतेय, आणि वाचल्याशिवाय ते पेटीत टाकत नाहीत. अहो, वाचलंत ना? तुमचं आयुष्य त्या चांदीत नव्हतं, बघा, कापून दिवस उलटला तरी सकाळी दोन भाकरी जास्तच खाल्ल्यात. पण चढाला तुम्ही मागं नसलात तर माझा पाय उचलत नाही, हेही खरं. रविवारी पहाटे निघायचंय. आणि पाकीट डिंकानं चिकटवा. मागच्या खेपेला वन्संना त्यात भाताची शितं सापडली होती.