माशांच्या टाकीवरची लायटिंग

अण्णा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आज कॉलेजात रजा टाकून मी तुम्हाला लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, आतापर्यंत तीनदा उठून आले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा दार वाजल्यासारखं वाटलं म्हणून आणि एकदा उगाच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आपल्या टाकीतले मासे तुमच्या लायटिंगनं मेले नव्हते. हे एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि लिहूनही हलकं वाटत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी नववीत पहिली आले तेव्हा तुम्ही ती टाकी आणलीत. जुन्या जालन्यातल्या काचवाल्या चाचांनी लोखंडी चौकटीत काचा बसवून दिल्या होत्या. अकरा मासे तुम्ही औरंगाबादहून एसटीनं आणलेत, पाण्याची पिशवी मांडीवर धरून. महिनाभर ती टाकी माझी होती. मग तुमच्या लक्षात आलं की बैठकीत येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थबकतो. लग्नाच्या मांडवांना लायटिंग करणारा माणूस तुम्ही, हात शिवशिवणारच. मागच्या काचेला निळा जिलेटिन कागद लागला, कडेनं लाल-हिरवे झिरोचे बल्ब लागले आणि मोटरवर फिरणारा तो लाकडी रूळही आला, ज्याच्यामुळे दिवे पळल्यासारखे दिसतात. लग्न ठरवून आलेल्या गिऱ्हाइकांना तुम्ही बरोबर टाकीसमोर बसवायचात आणि म्हणायचात, "पाण्यात लायटिंग कोण करून राह्यलंय जालन्यात?" मासे मात्र दगडामागे दडून बसायचे, टाकलेलं खायचे नाहीत. माशांना पापण्या नसतात, त्यांना डोळे मिटता येत नाहीत, असं मी एकदा पाहुण्यांदेखत म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मंग त्यांची रोजच दिवाळी." सगळे खो खो हसले आणि मी आत जाऊन भांडी आपटत बसले.

आता तो दिवस. आष्टीहून एक मोठे बागाईतदार मुलीच्या लग्नाची लायटिंग ठरवायला संध्याकाळी यायचे होते. सकाळी तुम्ही टाकीपुढे उभे आहात, हातात चहाची बशी, कपाळाला आठ्या. पाणी हिरवं झालंय, काही दिसत नाही, पोरीला एवढी टाकी सांभाळता येत नाही का, असं तुम्ही आईसमोर आणि दोन्ही कामगारांसमोर म्हणालात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळाचं पाणी दोन दिवस शिळं करून मगच टाकीत घालायचं, त्यातली ब्लीचिंग पावडर माशांना मारते, हे चाचांनी तुम्हाला नाही, मला बजावलं होतं. त्यासाठी मी एक पिंप भरून ठेवायची. त्या दिवशी आईनं पिंपातलं पाणी धुण्याला काढलं होतं आणि आठवड्यानं नळ आला होता. मी पाइप ओढला, हिरवं पाणी उपसून फेकलं आणि टाकी काठोकाठ ताज्या पाण्यानं भरली. पावडरचा वास येत होता. मला तो आला होता, अण्णा. पण टाकी लख्ख दिसत होती आणि तुम्हाला ती दाखवायची मला घाई झाली होती.

बागाईतदार खूश झाले, सुपारी पक्की झाली. त्या आनंदात तुम्ही लायटिंग बंद करायला विसरलात. सकाळी अकराही मासे उताणे तरंगत होते आणि त्यांच्यावरून लाल, हिरवे दिवे पळत होते. तुम्ही पिन उपटलीत. माझ्याकडे न बघता वायर गुंडाळलीत. मग विचारलंत, "लाइटनंच मेले ना गं?" जन्मात कुणाला काही न विचारणारा माणूस मला विचारत होता. मी "हो" म्हणाले. घाबरून म्हणाले असं आजवर मी स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. मला बरं वाटलं होतं.

तुम्ही त्याच दिवशी सगळे बल्ब उतरवलेत. पुढं जो भेटेल त्याला तो किस्सा स्वतःवर हसत सांगत राहिलात. बारावीनंतर काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं आणि मी औरंगाबादला प्राणिशास्त्र शिकायचा हट्ट धरला, तेव्हा तुम्ही काकांना म्हणालात, "माशांच्या येळी हिचं ऐकलं न्हाई, अकरा जीव गेले. आता ही म्हणंल तसं." काकांनी स्थळाला नकार कळवला. माझी पदवी, माझी नोकरी, वर्गातला माझा शब्द, सगळं त्या एका "हो"वर उभं आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला पाठवलं असतं का? कदाचित पाठवलंही असतं. तुम्हाला तशी संधीच मी दिली नाही, आणि हेच मला एका जागी बसू देत नाही.

आता माझ्या लेकीनं टाकी ठेवली आहे. तिच्यात प्लॅस्टिकचा शिंपला आहे, तो उघडमीट करत बुडबुडे सोडतो आणि आतला दिवा लाल, जांभळा, हिरवा होत राहतो. मी आधी विरोध केला. ती म्हणाली, संध्याकाळी तासभरच लावीन. पाणी ती शिळं करून घालते, ते मीच शिकवलंय. मासे दोन वर्षं मजेत आहेत. तुमच्या दिव्यांनी आपले मासे भेदरायचे हे खरं, पण मेले ते माझ्या हातानं. काल शिंपल्याचा दिवा बंद करता करता तिनं विचारलं, "आई, माझे मासे तर काही मरत नाहीत. मग आजोबांचे खरंच लाइटनं मेले का गं?" तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "तेव्हाचे बल्ब फार तापायचे." तिला पटलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. तिला वाचायला देता येईल, एवढं मला कळतं. जिन्यात तिच्या चपला वाजताहेत, कागद साड्यांखाली सरकवते. घरात सगळे म्हणतात, माशांचं कळावं तर हिलाच. अण्णा, ते ऐकायला मला अजून आवडतं.