दहा मिनिटांचं अपील

दादा,

तुमच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून या वेळचा नमस्कार पायांना हात न लावता, दुरूनच. टाके सुकले का? जिना चढू नका. वहिनींनाही विचारलंय म्हणून सांगा. तुमच्याकडे राहायला आलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीला मात्र तूर्त काही सांगू नका, कारण ती माझी बायको आहे, आणि पुढेही राहणार की नाही हे येत्या शुक्रवारी साडेदहाला तीन नंबरच्या कोर्टात कळणार आहे. मी इकडे ठणठणीत आहे, असं लिहायची पद्धत आहे. प्रत्यक्षात हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. अक्षर लागलं नाही तर वहिनींचा चष्मा घ्या.

तुम्ही म्हणाल, भर सभेत दगड आला तरी वाक्य पुरं करणारा हा माणूस एका निकालाला का घाबरतो? सांगतो. महिनाभर मी वाचनालयात बसून वरच्या कोर्टाचे ताजे निकाल वाचतोय. आयुष्यात पुष्कळ वाचलं (युद्धांचे इतिहास, भुताच्या गोष्टी), पण इतकं भयंकर काही वाचलं नव्हतं. दोन भाऊ एका जिन्यासाठी अकरा वर्षं भांडले. कोर्टाने जिना दोघांचा ठरवला. आता रोज त्याच जिन्यात ते अंग चोरून एकमेकांना वाट देत असतील. (हे निकालात नाही, पण मला दिसतं.) एका जोडप्याचा एकोणीस वर्षांचा संसार सव्वादोन पानांत संपला. सव्वादोन! माझी प्रस्तावना याहून मोठी असते.

अपिलाची खरी दहशत तर पुढेच आहे. तिथे साक्षीपुरावे नव्याने घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे टाइप झालं तेच वरचे न्यायाधीश वाचतात. आवाज नाही, हातवारे नाहीत, नुसता कागद. घटस्फोटाच्या दाव्यात तुमच्या बहिणीच्या वकीलबाईंनी मला विचारलं होतं, "पत्नीचं बोलणं तुम्ही ऐकून घेता का?" दादा, या विषयावर माझं व्याख्यान आहे! तेवीस गावांत झालंय. मी चाळीस मिनिटं बोललो. जो घरात ऐकत नाही तो चौकात काय ऐकणार, ज्या घरात बाईला बोलता येत नाही त्या घराला दारं असून उपयोग काय, सगळं सांगितलं. (यातलं अक्षर न् अक्षर मला आजही पटतं.) मध्ये वकीलबाई तीनदा काहीतरी म्हणत होत्या, पण मी भरात होतो. शेवटी न्यायाधीशांनी टायपिस्टला सारांश सांगितला. नक्कल हातात आली तेव्हा त्यात चाळीस मिनिटांचा एकच शब्द झाला होता : "नाही."

आता या शब्दाशेजारी तिच्या अर्जातला चौदावा परिच्छेद ठेवून बघा. ती न्हाणीघरातून म्हणाली होती, गॅसचा वास येतोय, बटण बंद करा. मी सार्वजनिक सुरक्षिततेवर बोलू लागलो. अखेर शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी येऊन बटण बंद केलं. अर्जात वीस मिनिटं लिहिलीत, मी शपथेवर सांगितलं की बाराच होती. हा माझा बचाव होता, दादा. घटस्फोटाची डिक्री मिळाली तिला. मिळणारच होती.

मग मी अपील केलं. वकील मला बोलू देईना, म्हणून त्याला नारळ दिला आणि मागच्या सोमवारी स्वतः उभा राहिलो. समोर दोन न्यायाधीश, वेळ दहा मिनिटं. थोरल्या न्यायाधीशांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय, तेवढंच सांगा." एका वाक्याचं उत्तर होतं. मी न्यायसंस्थेच्या उगमापासून सुरुवात केली. नवव्या मिनिटाला मी राजेशाहीच्या अस्तापर्यंत पोचलो होतो (चांगला वेग होता). दहाव्या मिनिटाला निकाल राखून ठेवून दोघे उठून गेले. मला ती घरी हवी आहे, हे कुठल्याच कागदावर आलं नाही.

बाहेर बाकावर जाऊन बसलो. ती समोर आली. म्हणाली, "आधी पाणी घ्या. आवाज बसलाय." मग वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "यांना कुणी थोडक्यात सांगा म्हणत जाऊ नका हो. आणखी वाढतं." वकीलबाई हसल्या. ती हसली नाही. तेव्हापासून दाराची बेल वाजली की कोर्टाचा कागद आला असं वाटून मी आधी खिडकीतून बघतो.

गुडघा शेकत राहा. वहिनींना नमस्कार, मुलांना शाबासकी.

तुमचा (शुक्रवारपर्यंत तरी) मेहुणा

ता. क. : गुडघ्याची चौकशी मनापासूनच होती, पण पत्राचं कारण ते नाही. कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं की गुरुवारी पाचच्या आत दोघांच्या सह्यांचा तडजोडीचा अर्ज आला, तर डिक्री रद्द होऊ शकते. अर्ज सोबत आहे. माझी सही झालीय. तिच्या अटींसाठी अर्धं पान कोरं सोडलंय. मी दोनदा पेन उचललं, पण काही लिहिलेलं नाही. तेवढा कागद तिच्यासमोर ठेवा. आग्रह करू नका. तिने नको म्हटलं तर ते नकोच.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. आठ मिनिटं बोलली. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. शेवटी तिने विचारलं, "ऐकताय ना?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दादा, मला इतकी भीती वाटली की एकदा सुरू झालो तर थांबणार नाही, म्हणून तसाच गप्प राहिलो. तिने फोन ठेवला. आता परत लावायचा धीर होत नाही. अर्जाचं मागाहून बघू, आधी कृपा करून तिला एवढं सांगा, की मी ऐकत होतो.