शाफ्ट कापल्याबद्दलचा खुलासा

इंदोरा, नागपूर
सोमवार

आदरणीय चंद्रभान मामाजी यांस,
भाचा प्रेमानंद याचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? कौशल्यामामींची साखर उतरली, की अजूनही त्या "थोडासाच" म्हणत आमरसाची वाटी भरून घेतात? उन्हाळी धानाला पाणी पुरलं असेल अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे. सगळं ठीक म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, बाबा बोलायचे थांबत नाहीत, आणि कूलर त्या दोघांच्या वरताण आवाज करतो, एवढंच काय ते सुख.

तुम्ही फोनवर विचारलंत, "काय केलं गा तू असं, का देवराव जेवता जेवता उठून गेला?" आणि मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं. पण तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुम्ही नेहमी ओसरीत असता, त्यामुळे आपलं बोलणं सगळ्या आळीला ऐकू जातं. (मागच्या वेळी मला जुलाब झाले होते, तर पवनीहून तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे काढे सुचवले.) म्हणून सविस्तर लिहून कळवतो. शेजारच्या नंदिनीताईचे मिस्टर उद्या तिकडे येणार आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतो. वाचून झालं की मामींना द्या. ओसरीत मोठ्याने वाचू नका.

हे स्थळ तुम्हीच सुचवलंत, हे तुम्हाला आठवत असेलच. तुमचे जुने मित्र देवरावजी, आयटीआयमध्ये उभी हयात यांत्रिक ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांची मुलगी अपेक्षा, मिहानमध्ये विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, माझ्यासारखंच कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी. तुम्ही म्हणालात, बाप ड्रॉइंगचा, लेक ड्रॉइंगची, जावई ड्रॉइंगचा, आता यात खोट ती कुठून येणार? मामाजी, खोट तिथूनच आली. देवरावजी एखाद्या बँकेत किंवा जंगल खात्यात असते, तर आज आपण हॉल शोधत फिरलो असतो.

त्या दिवशी ते दोघं आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा सगळं छान चाललं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आईने मटण केलं होतं, बाबांनी दोनच किस्से सांगितले होते. देवरावजी खुशीत होते. तेवढ्यात आईला माझं कौतुक करायची लहर आली. म्हणाली, "आमचा प्रेमानंद दिवसभर कॉम्प्युटरवर मशीन कापते जी." (हिंगण्याच्या कंपनीत मी काय करतो हे आईला समजावून सांगायला मला फार वेळ लागला होता, आणि तिने त्यातून एवढंच धरून ठेवलं.) देवरावजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, "कापते? दाखव बरं मले." आता शहाण्या माणसाने म्हटलं असतं, आधी जेवण होऊ द्या. मी हात धुतले आणि लॅपटॉप आणला.

तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. यंत्राच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ड्रॉइंगमध्ये ते मधोमध कापल्यासारखं दाखवतात. त्याला सेक्शन व्ह्यू म्हणतात. जिथून कापलं तिथे तिरप्या रेघा मारतात, म्हणजे पाहणाऱ्याला समजतं की इथे भरीव धातू आहे. पूर्वी हे सगळं हाताने चालायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रेघ ओढायची, बटण दाबायचं, की अख्खा गिअरबॉक्स उभा चिरला जातो आणि रेघा आपोआप भरल्या जातात. मी बटण दाबलं. बाबांनी टाळी वाजवली. आई पदराने घाम पुसत सगळ्यांकडे बघू लागली. देवरावजींनी खिशातून चष्मा काढला, आणि माझ्या मते लग्न तिथेच मोडलं.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. (बोटाला रस्सा होता, तो अजून निघाला नाही.) म्हणाले, "हा काय होय?" मी म्हटलं, शाफ्ट. (शाफ्ट म्हणजे चाकांच्या मधून जाणारा दांडा.) "शाफ्ट कापला तू?" मी म्हटलं, मी नाही, कॉम्प्युटरने कापला. मग बोट पुढे सरकलं. बोल्ट कापला, नट कापला, बेअरिंगच्या गोळ्या कापल्या, आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या पेटीला आधार देणारी ती पातळ पट्टी, रिब म्हणतात तिला, तीही कापली. प्रत्येक वस्तूवर येताना त्यांचा आवाज खाली खाली जात होता. शेवटी अगदी हळू विचारलं, "काहून कापलं बापा हे?"

मामाजी, या धंद्यात एक रिवाज आहे. यंत्र मधोमध कापलं तरी शाफ्ट, बोल्ट, पिना असल्या वस्तू कापायच्या नाहीत. सुरी त्यांच्यातून गेली तरी त्या अख्ख्याच काढायच्या, कारण त्या आतून भरीव, कापून नवीन काय दिसणार? आणि रिबवर रेघा मारल्या तर पाहणाऱ्याला वाटतं की तिथे पट्टी नसून सगळा ठोकळाच आहे. देवरावजींनी आईला समजेल असं सांगितलं, की आंब्याच्या फोडी करताना तुम्ही कोय चिरता का ताई? आई नाही म्हणाली. बाबा म्हणाले, लोणच्याच्या कैरीत तर कोय चिरतात. (मुद्दा बरोबर होता. वेळ बरोबर नव्हती.) देवरावजींनी बाबांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी कित्येक पोरांना नापास केलं असेल.

हा रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. कॉलेजात शिकवला होता, पेपरातही लिहिला होता. पण सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते समोर येईल ते कापतं, आणि आमच्या कंपनीत कोणी सांगत बसत नाही. आमचे साहेब तर म्हणतात रेघा जितक्या जास्त तितकं ड्रॉइंग भरलेलं दिसतं, गिऱ्हाइकाला मेहनत दिसते. हे सगळं मी देवरावजींना नीट समजावून सांगितलं. त्यावर अपेक्षा म्हणाली, "बाबा, त्याच्यात सेटिंग राहते..." मी म्हटलं, थांबा, मीच दाखवतो. आणि कोणता भाग कापायचा नाही त्या यादीत घाईघाईने खूण केली. खूण पडली बाहेरच्या पेटीवर. म्हणजे पेटी न कापता अख्खी राहिली, आतलं सगळं झाकलं गेलं, आणि पडद्यावर एक बंद डबा दिसू लागला. देवरावजी उठले, हात धुतले, आईला म्हणाले मटण फार छान होतं, आणि गेले. जाताना अपेक्षा दारात थांबून काहीतरी बोलणार होती, पण मी तिला पेटीवर खूण का पडली ते सांगत होतो, तेवढ्यात ऑटो आला.

मुलगी फार कमी बोलते असं माझं निरीक्षण आहे.

मला झोंबलं, हे कबूल करतो. म्हणून मी हार न मानता सेक्शन व्ह्यू नव्याने काढला. शाफ्ट अख्खे, बोल्ट अख्खे, गोळ्या अख्ख्या, रिब अख्खी. देवरावजींनी ज्या ज्या वस्तूवर बोट ठेवलं होतं तिला सुरी लागू दिली नाही. मोठ्या कागदावर छापून घेतला, सुरळी केली, आणि परवा, शनिवारी, सीताबर्डीहून मेट्रोने त्यांच्या घरी गेलो. (मेट्रोत एका बाईंनी विचारलं, कॅलेंडर विकता का? मी हो म्हणालो असतो तर निदान काही खपलं असतं.)

देवरावजींनी चांगलं स्वागत केलं. सुरळी पलंगावर उलगडली. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळला जाई, म्हणून चार कोपऱ्यांवर चिवड्याच्या वाट्या ठेवल्या. अपेक्षा नुकतीच ऑफिसातून आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "हा मधला शाफ्ट..." मी म्हटलं, हो, तोसुद्धा अख्खा ठेवला आहे, आणि बोल्टांकडे वळलो. एकेका बोल्टबद्दल सांगितलं. देवरावजी मान डोलवत होते. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी विचारलं, "याच्यात तेल कुठून जाते?" मी म्हटलं, मधल्या शाफ्टमधून, तो आतून पोकळ आहे. हे वाक्य तोंडातून निघतानाच मला कळलं. ते म्हणाले, "मंग तो कापाले पाहिजे ना बापा! त्या दिवशी भरीव होते ते कापले, आज पोकळ हाये तो झाकून आणला." आणि एका कोपऱ्यावरची वाटी उचलून चिवडा खाऊ लागले. कागदाचा तो कोपरा गुंडाळत माझ्या शाफ्टपर्यंत आला.

तेव्हा मामाजी, माझा निर्णय झाला आहे. जिथे जावयाची परीक्षा पगारावरून, स्वभावावरून न होता रेघांवरून होते, त्या घरात मला मुळीच रस नाही. उद्या माझी मुलं झाली तर त्यांच्याही अंगावर हे आजोबा तिरप्या रेघा शोधत बसतील. तुम्ही देवरावजींना माझ्या वतीने नम्रपणे नकार कळवावा, आणि दुसरं स्थळ पाहावं. शेतीवालं असलं तरी चालेल, दुकानवालं असलं तरी चालेल, फक्त घरात कोणाला ड्रॉइंग कळत नसावं. माझा स्वाभिमान तुम्ही ओळखताच.

मामींना जयभीम. तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रेमानंद

ता. क. नकार कळवू नका. दुसरं स्थळही पाहू नका. वरचा मजकूर आईने बाबांकरवी वाचायला मागितला होता, आणि तिच्यासमोर स्वाभिमान दाखवायचा होता, म्हणून तसा लिहावा लागला. खरं सांगायचं तर मला अपेक्षा आवडली आहे. फार आवडली आहे. दारात ती थांबली होती ते मी रोज आठवतो, आणि तेव्हा मी पेटीबद्दल बोलत होतो तेही आठवतो.

आणखी ता. क. आता मुख्य काम. येत्या रविवारी देवरावजींना पवनीला बोलावून घ्या. शेतातली मोटर बिघडली म्हणा. ती चांगली असेल तर बिघडवा, ते दुरुस्त करतील, त्यांना आवडेल. दोन वेळा भेट झाली, पण माझं आणि अपेक्षाचं बोलणं असं झालेलंच नाही. तिचा फोन नंबर मी नंदिनीताईमार्फत मिळवला, आणि रविवारी भेटू का म्हणून मेसेज टाकला आहे. (खाली दुरुस्त केलेला सेक्शन व्ह्यू जोडला होता. ताई म्हणते, तो जोडायला नको होता.)

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तिचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून देतो: "बाबा तर तुम्हाले पसंत करून बसले. म्हणतात, पोरगा चुकते, पण चूक दाखवली का घरी जाऊन रात्रंदिवस बसते. माझी आई हो म्हणाली, तुमची आई हो म्हणाली, चंद्रभानकाकांनी तर हॉल पण पाहून ठेवला म्हणे. मले मात्र आतापर्यंत कोणीच विचारलं नाही. रविवारी येईन. लॅपटॉप आणू नका." मामाजी, कोणीच नाही, यात मीसुद्धा आलो. ती काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. देवरावजींना संध्याकाळपर्यंत सोडू नका, आणि त्या हॉलचं सध्या राहू द्या, आधी तिला विचारतो.