ताडपत्री न टाकण्यामागची कारणं

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

गारपीट झाली. चहा गाळायला घेतला तेव्हा सुरू झाली, गाळून झाला तेव्हा संपली. लिंबाएवढ्या गारा. बेडरूमवरच्या सिमेंटच्या पत्र्यांना तडे गेले, एकाला सरळ भोक पडलं. पन्हळ चेपली. मी अजिबात घाबरलो नाही. कोणी बघायला असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

समोरचे शेजारी (यांना मी मनातल्या मनात 'घाईघाईचे' म्हणतो) गारा वितळायच्या आत शिडी लावून वर चढले आणि छपरावर निळी ताडपत्री टाकून मोकळे झाले. मला हाक मारून म्हणाले, जास्तीची एक आहे, देऊ का? नको म्हटलं. पुरावा झाकायचा नसतो. चोरी झाली की पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावत नाहीत, इतकी साधी गोष्ट आहे. पण लोकांना दम नाही.

मी सगळं शास्त्रशुद्ध करणार आहे. उभा जन्म ऑफिसात फायली सांभाळण्यात गेला, क्लेम कसा करायचा हे मला कोणी शिकवू नये. मोठ्यात मोठ्या गारा निवडून डब्यात घातल्या, डबा फ्रीजरमध्ये. वर चिकटपट्टी, तारीख, सही. साक्षीदाराचीही सही पाहिजे होती. साक्षीदार नाही. मग तिथेही मीच केली.

४ मार्च, बुधवार.

विमा कंपनीला फोन. आधी संगीत, मग 'एक दाबा, दोन दाबा', मग पुन्हा तेच संगीत. शेवटी एक मुलगी बोलली. आवाज फार गोड. सगळं ऐकून घेतलं, मध्येच तोडलं नाही. अजून काही मदत करू शकते का, असं तिने विचारलं तेव्हा मी पन्हळीबद्दल सांगितलं. पुन्हा तिने तेच विचारलं, तेव्हा मी गारा कशा निवडल्या ते सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर काही उरलं नव्हतं. नंतर रेटिंग मागणारा मेसेज आला. पाचपैकी पाच दिले.

महत्त्वाचं: पॉलिसी हिच्या नावावर आहे. विमा म्हणजे पैसे पाण्यात, असं मी तेव्हा म्हणालो होतो, म्हणून हिने मला न विचारता काढला असणार. तर नियम असा की तपासणीच्या वेळी पॉलिसीधारक हजर पाहिजे. म्हणजे हिला यावं लागणार.

यात आनंदाचं काही नाही. नियम आहे.

ही सध्या मुलीकडे असते. नातू झाला तेव्हा मदतीला गेली, तात्पुरती. नातू आता शाळेत जातो, पण शाळा नवीन आहे, मुलांना रुळायला वेळ लागतो.

दुपारी हिला फोन केला. गारपीट म्हटल्यावर पहिला प्रश्न, तुम्हाला लागलं नाही ना? दुसरा प्रश्न, ताडपत्री टाकली का? मी पुराव्याचं तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी ताडपत्री टाका. मी म्हटलं, ते राहू दे, तुला यावं लागेल, कंपनीचा नियम आहे. मग म्हणाली, बघते.

हिचं 'बघते' म्हणजे हो. संसारात एवढं तरी कळतंच.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी लवकर.

सर्व्हेअर बारा तारखेला येणार. तोपर्यंत घर नीट करायचं ठरवलं. पडदे धुवायचे. ओट्यामागच्या टाइल्स घासायच्या. वर्तमानपत्रांचा ढीग काढायचा. रोज चालायला जायचं, म्हणजे आल्या आल्या पोटावरून बोलणं नको.

रात्री. पडदे काढले. ते धुवायला टाकण्याआधी मशीनचं कुठलं बटण कशाला ते बघायचं राहिलं. आता खिडक्या उघड्या आहेत आणि घाईघाईच्यांच्या घरातून मी थेट दिसतो. चालायला उद्यापासून.

८ मार्च, रविवार.

पुन्हा पाऊस. जोराचा. भोकातून पाणी थेट पलंगावर, हिच्या बाजूला. पातेलं ठेवलं. मग दुसऱ्या तड्यातून पाणी हिच्या शिलाई मशीनवर पडायला लागलं. हलवणार होतो, हातही लावला होता. पण विचार केला, मशीन हलवलं तर पाणी नेमकं कुठे पडतं ते सर्व्हेअरला कसं दिसणार? शिवाय हीच येऊन बघेल. घराची काय दशा झाली आहे ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढे काही सांगावं लागणार नाही.

मशीनवर जुना टॉवेल टाकला. टॉवेल टाकणं म्हणजे पुरावा झाकणं नव्हे.

मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. सोफा आखूड आहे. तसा मीच लांब आहे.

घाईघाईचे ताडपत्री घेऊन दारात. फुकट वापरा म्हणाले, पावसाचं चिन्ह आहे. चार दिवसांचा प्रश्न आहे, घरचे लोक यायचे आहेत, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. कोण घरचे, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

९ मार्च, सोमवार.

लाइट गेले होते. गारांचा एक गोळा झाला आहे, आकाराने वांग्याएवढा. पुरावा म्हणून अजून भक्कम वाटतो. डब्यावरची तारीख तीच ठेवली.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला प्रवास झेपेल का ते बघतोय. म्हणजे तिकिटांचं चाललं आहे. मी म्हटलं, खिडकीची जागा बघा, तिला लागते. मुलगी म्हणाली, हं.

११ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

सगळी तयारी झाली. पडदे न धुता पुन्हा लावले, मागची बाजू पुढे. जास्तीचं दूध आणलं. हिचा कप वरच्या फळीवरून काढून घासून ठेवला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. आधी छपराबद्दल. मग नातवाबद्दल. मग सहज, जाता जाता विचारायचं, की आता आलीच आहेस तर राहतेस का. घाई करायची नाही. एकदम विचारलं तर ती बिचकते.

दाराची बेल वाजते का ते दोनदा बघितलं. वाजते.

रात्री. गाडी कोणती ते कोणीच कळवलेलं नाही. सरप्राइज असेल. हिला सरप्राइज आवडत नाही, पण माणूस बदलतो.

१२ मार्च, गुरुवार.

सकाळी बेल वाजली. सर्व्हेअर. एकटाच. तरुण, कानामागे पेन अडकवलेलं, बूट दाराबाहेर काढून आला. मी म्हटलं, जरा थांबावं लागेल, पॉलिसीधारक प्रवासात आहेत. तो म्हणाला, काका, मॅडमशी कालच बोलणं झालंय, व्हिडिओ कॉलवर हजर असलं तरी चालतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नियम बदलला असणार.

तो वर चढला. प्रत्येक पत्रा बोटाने ठोकून बघितला, खडूने गोल केले. ताज्या तड्याची कड पांढरी असते, जुन्याच्या आत शेवाळ असतं, असं त्याने सांगितलं. जुने तडे मी उगाच त्याच्या नजरेपासून लांब ठेवत होतो. शिडीवरून ते अवघड जातं. गारांचा गोळा दाखवला. त्याने विनयाने बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

मग खाली येऊन त्याने फोन लावला. स्क्रीनवर ही. चष्मा नवीन आहे. केस कापले आहेत. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तो फोन घेऊन घरभर फिरला, मी त्याच्या मागे मागे. माझ्याच घरात मीच पाहुण्यासारखा. ही त्याला सांगत होती, उजवीकडे वळा, ते दार जरा उचलून ढकला. तो बेडरूममध्ये शिरला. पलंग, पातेलं, फुगलेलं कपाट. मग मशीन. टॉवेल त्याने उचलला. खाली सगळं गंजलेलं.

"ते तिथेच ठेवलंत?" हिने विचारलं.

मी म्हटलं, पुराव्यासाठी.

"अहो, पुरावा छपराचा हवा होता."

सर्व्हेअर म्हणाला, गारांचं नुकसान कंपनी देईल, पण त्यानंतर आत आलेल्या पाण्याचं नाही, कारण कोणीही आधी छप्पर झाकून घेतलं असतं. मी हिच्याकडे बघितलं. मशीनवरून रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ते मशीन कोणाला तरी देऊन टाका, मी इथे दुसरं घेतलंय.

शेवटी त्याला काही प्रश्न विचारायचे होते. घर किती जुनं, स्वतःचं का भाड्याचं. मग विचारलं, घरात किती जण राहता?

मी म्हणालो, "दोन."

फोनमधून ही म्हणाली, "एक."

त्याने माझ्याकडे बघितलं. काका, काय लिहू, म्हणाला.

"एक लिहा," हीच म्हणाली. "ते एकटेच असतात."

रागाने नाही म्हणाली. गॅस बंद केलाय का, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात. मग मला म्हणाली, वेळेवर जेवत जा. आणि नातू शाळेतून यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

सर्व्हेअरला दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा नको म्हणाला.

१३ मार्च, शुक्रवार.

विचार केला. माणसं कमी दाखवली की हप्ता कमी बसत असेल. हिला पहिल्यापासून व्यवहार कळतो. तसंच असणार.

दुपारी. तसं नसणार.

दूध नासलं. आज वाईट वाटलं. म्हणजे बरेच दिवस वाटतंय, लिहिलं आज.

१६ मार्च, सोमवार.

क्लेम मंजूर. पत्र्यांचा आणि पन्हळीचा. मेसेज हिच्या फोनवर आला, हिने मुलीला दाखवला, मुलीने मला पाठवला. खाली मुलीने लिहिलं होतं, आई म्हणते पैसे तुमच्या खात्यावर टाकते. मी 'ओके' लिहिलं. मग 'तिला थँक्यू सांग' लिहिलं. मग ते खोडलं आणि नुसतं 'ओके' पाठवलं.

घाईघाईच्यांकडून ताडपत्री आणली. त्यांनीच वर चढून बांधून दिली. खाली उतरल्यावर चहाला थांबा म्हटलं, पण त्यांच्या घरी वाट बघत होते.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

पत्रेवाला आला होता. बोलका माणूस. फुटलेले पत्रे काढले, नवे चढवले, दिवसभर छपरावर कोणीतरी चालतंय हे बरं वाटत होतं. शेवटचा पत्रा चढवण्याआधी त्याने वरून विचारलं, बेडरूममध्ये अंधार फार आहे, इथे एक प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा टाकू का, दिवसा लाइट लावावा लागणार नाही. मी म्हटलं, टाका की. तो म्हणाला, असं नाही साहेब, आधी घरात विचारा, नंतर बायका आम्हाला बोलतात.

मी आत गेलो. स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभा राहिलो. विचारायला आणि उत्तर मिळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबलो. मग बाहेर येऊन त्याला सांगितलं, टाका म्हणते.