दोन खाचांचा पाइप

प्रिय ठिणगी,

तू काल पाठवलेला गाडीचा आवाज ऐकला, म्हणून हे पत्र. फोन केला तर तू म्हणालीस, आत्या, सध्या सराव आहे, रविवारी शर्यत झाली की निवांत बोलू. रविवारनंतरचं बोलणं मला नको आहे. लेथवाल्या काकांच्या हाती हे पत्र आणि एक खोकं देते आहे. आधी पत्र वाच, मग खोकं उघड, आणि दोन्ही होईपर्यंत गाडीला किक मारू नकोस.

आवाजाखाली तू लिहिलं आहेस, किती गोड वाजतेय बघ. वाजते खरी. मी तो वर्कशॉपमध्ये मोठ्याने लावला तेव्हा काका लेथवर होते. त्यांनी लेथ बंद केला आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून विचारलं, कुणाची गाडी ही? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि बसची चौकशी करायला निघून गेले. एरवी कोपऱ्यावरून चार खिळे आणायला सांगितले तरी या माणसाला गुडघे आठवतात.

ते गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन खुंटी पाहिली. रिकामी होती.

आता काय झालं असेल ते मी सांगते, चुकत असेन तर कळव. तू निळा संच मागितलास आणि मी तो दिला. ब्लॉक, पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर, सगळ्यांवर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. मी आयुष्यात नखं रंगवली नाहीत. एक निळी आणि एक तांबडी अशा दोन बाटल्या आणल्या त्या याच कामाला, आणि तेव्हा दुकानातल्या बाईने माझ्या काळ्या नखांकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. निळा संच घाटरस्त्यांसाठी, तांबडा सपाट रस्त्यांवरच्या शर्यतींसाठी. तुझे बाबा याला ‘जोड’ म्हणायचे. जोड फोडायची नाही, हा वर्कशॉपचा एकमेव नियम होता. बाकी चहाचे कप कुठेही पडलेले असायचे.

निळा पाइप मी आतली काजळी काढायला वेल्डरकडे दिला होता. चार दिवस थांब, असं तुला म्हटलं होतं. थांबेल ती ठिणगी कसली! मी बाहेर गेलेली असताना येऊन तू खुंटीवरचा पाइप उचललास. त्यावर ठिपका नव्हता, म्हणजे तांबडा नक्की नाही, असं धरून चाललीस. पण पाइपावर ठिपका टिकतच नाही, ग. पहिल्याच फेरीत जळून जातो. म्हणून पाइपाच्या तोंडाच्या कड्यावर कानशीने खाच मारलेली असते, निळ्याला एक, तांबड्याला दोन. आत्ता उठून बोट फिरवून बघ. तुझ्या बोटाला दोन लागतील.

तुला वाटेल, पाइप म्हणजे धूर बाहेर सोडायची नळी, इकडची काय आणि तिकडची काय. तसं नाही. स्फोट झाला की त्याचा धक्का पाइपातून धावत जातो, पाइपाच्या फुगीर पोटात पसरतो, पुढे पाइप निमुळता होतो तिथे आपटून उलटा फिरतो आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल परत आत ढकलतो. हे सगळं ब्लॉकचं दार बंद व्हायच्या आत. इंजिनाने हाक मारायची, पाइपाने ओ द्यायची. तांबडा पाइप आखूड आहे, तो वरच्या वेगाला ओ देतो आणि इंजिनाला भसाभसा हवा ओढायला लावतो. त्याच्या जोडीच्या कार्ब्युरेटरचं जेट मोठं होतं, तेवढं पेट्रोल पुरवणारं. तुझं जेट निळ्या संचाचं, म्हणजे लहान. हवा वाढली आणि पेट्रोल होतं तेवढंच राहिलं. वडाची साल पिंपळाला लावली की असंच होतं.

असं इंजिन उपाशी असतं. आणि उपाशी इंजिन कण्हत नाही, ठिणगी, ते गातं. घशातली घरघर जाते, आवाज स्वच्छ होतो, गाडी पूर्वी कधी ओढली नसेल अशी ओढते. आत पिस्टन तापून फुगत असतो. सरळ रस्ता आहे तोवर तो कसाबसा तग धरतो. मग वळण येतं, तू थ्रॉटल सोडतेस, आणि पेट्रोलबरोबर येणारं थोडंफार तेलही बंद होतं. पिस्टन ब्लॉकला धरतो, म्हणजे आत घट्ट अडकतो, आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. क्लचपर्यंत बोटं पोचायला तेवढा वेळ मिळत नाही. तू रोज सराव करते आहेस आणि अजून काही झालेलं नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा लावू नकोस. प्लग काढून बघ. तपकिरी असायला हवा. माझा अंदाज आहे, पांढराफटक असेल.

हे मी घरबसल्या उंटावरून शेळ्या हाकत नाही. तू निरोपात शेवटी सहज लिहिलं आहेस की पाइपाच्या पोटावर पोचा होता, तो लाकडी हातोडीने ठोकून काढला. ते वाचलं आणि मग मला खुंटीकडे जाऊन बघायचीही गरज नव्हती. तरी गेले.

तुझ्या बाबांचा कान चांगला होता. आमच्यात मी मोजायची आणि तो ऐकायचा. मी कॉलेजात शिकलेलं गणित मांडायची, तो इंजिनाला कान लावून म्हणायचा, ताई, तुझं उत्तर बरोबर आहे. बहुतेक वेळा आम्हा दोघांचं उत्तर एकच यायचं. त्याच्या शेवटच्या शर्यतीच्या आधी तांबड्याचा ब्लॉक दुरुस्तीला गेलेला होता, तेव्हा त्याने निळ्या इंजिनाला तांबडा पाइप बसवला. शर्यतीच्या जागेवरून फोन केला, फोन पाइपाजवळ धरला आणि म्हणाला, “ताई, ऐक, किती गोड वाजतेय.” मी म्हटलं, प्लग काढून बघ, मगच निघ. तो हसला. पुढचं ऐकू आलं नाही, कारण त्याने गाडी रेमटवली होती.

तुझ्या आईने तुला सांगितलं आहे की रस्त्यावर तेल सांडलं होतं, त्यावरून गाडी घसरली. ते खोटं नाही. तेल होतं. पण ते आधी कुणी सांडलेलं नव्हतं. पिस्टन अडकला, रॉड तुटला, इंजिनाची केस फुटली आणि ते तेल त्याच्याच गाडीतून आलं. पाइपावरचा पोचा त्या रस्त्याचा आहे. आज सकाळी तुझ्या आईला तो आवाज ऐकवला आणि विचारलं, काय करू? ती म्हणाली, “वन्सं, सगळं लिहा.” म्हणून सगळं लिहिलं. तू शर्यत सोड असं मी म्हणत नाही. एका खाचेचा पाइप बसव, प्लग बदल, दोन फेऱ्या मार आणि प्लगचा रंग मला कळव. आवाज पाठवू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघत वर्कशॉप उघडं ठेवणारी,
तुझीच आत्या

काकांच्या हाती दिलेलं सामान, माझ्यासमोर तपासून:
पाइप, एका खाचेचा, काजळी काढलेला – एक.
पाइपाच्या तोंडाचं गॅस्केट, नवं – एक.
स्प्रिंगा – दोन.
प्लग, नवे – दोन.
पिस्टन, जुना, निळ्या संचातला, एका बाजूने वितळलेला – एक. हा बसवायचा नाही, हातात धरून बघायचा.
परत आणायचं: पाइप, दोन खाचांचा – एक. तो हातात पडल्याशिवाय काका तिथून हलणार नाहीत.